मद्यासक्ताची पत्नी : दोन उपपत्ती
मद्यासक्त पतीच्या व्यसनास पत्नीचा स्वभाव पोषक ठरतो, असे थेल्मा व्हेलन यांनी १९५३ मध्ये प्रतिपादिले व अशा पत्नींचे चार प्रकार कल्पिले. वर्गीकरण आकर्षक खरे, पण एकांगी. सिअॅटल येथील अशा पत्नींच्या साह्यगटाच्या अभ्यासावरून जोन जॅक्सन यांनी १९५४ मध्ये कार्यकारणभाव उलटा मांडला : पत्नीचे विस्कळीत वर्तन हा संकटाचा परिणाम होय. त्यांनी वर्णिलेल्या सात अवस्थांपैकी चौथी विशेष लक्षणीय आहे. आत्ममग्न पती सुधारण्याची वाट न पाहता पत्नी घराची सूत्रे स्वतःकडे घेते. कुटुंब काहीसे स्थिरावते आणि तिला स्वतःची किंमत पुन्हा कळू लागते. यास स्वार्थ म्हणणे अन्यायाचे होईल. पुढे पती व्यसनमुक्त झाला, तरी हे अधिकार त्यास परत देणे मात्र तिला जड जाते.