क्रूझ पर्यटनातील स्कुबा डायव्हिंग : जहाजाचे घड्याळ आणि शरीराचे घड्याळ

प्रस्तावना

क्रूझ पर्यटनात प्रवासी सकाळी नव्या बंदरात उतरतो आणि सायंकाळी जहाजावर परततो. मधल्या सात-आठ तासांत करावयाच्या सहलींपैकी स्कुबा डायव्हिंग ही एक होय. झाक-ईव्ह कुस्तो व एमिल गान्यां यांनी १९४३ साली विकसित केलेल्या श्वसनयंत्रामुळे हौशी माणसालाही समुद्रतळ पाहणे शक्य झाले. मात्र ही सहल इतर सहलींहून मूलतः भिन्न आहे. किल्ला पाहून झाला की सहल संपते. बुडीचा परिणाम मात्र पाण्याबाहेर आल्यानंतरही शरीरात कित्येक तास टिकतो. या भेदाचे स्वरूप प्रस्तुत लेखात प्रामुख्याने मेक्सिकोतील कोझुमेल बेटाच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे.

दाबाचे शास्त्र

समुद्रसपाटीवर शरीरावर एक वातावरण इतका दाब असतो. पाण्यात दर १० मीटर खोलीला त्यात सुमारे एका वातावरणाची भर पडते; म्हणजे २० मीटरवर तो तिप्पट होतो. श्वसनयंत्र हवा त्याच दाबाने पुरवते. त्यामुळे हेन्रीच्या नियमानुसार अधिक नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. शरीर तो वापरत नाही; वर येताना तो फुप्फुसांवाटे बाहेर पडावा लागतो. माणूस झपाट्याने वर आला, तर सोड्याच्या बाटलीचे बूच उघडल्याप्रमाणे त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखी, बधिरता, क्वचित पक्षाघात अशी लक्षणे असलेला हा आजार ‘डीकंप्रेशन सिकनेस’ म्हणून ओळखला जातो.

जे. एस. हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९०८ साली प्रसिद्ध झाले. निरनिराळ्या ऊती निरनिराळ्या वेगाने वायू शोषतात व सोडतात, हे त्यांचे मूळ सूत्र. त्यांनी ५ ते ७५ मिनिटांचे अर्धकाल गृहीत धरले होते. नंतरच्या प्रतिमानांत याहून कितीतरी दीर्घ अर्धकाल आले. मिनिटाला सुमारे ९ मीटरपेक्षा अधिक वेगाने वर न येणे आणि ५ मीटर खोलीवर तीन मिनिटे थांबणे, हे आजचे प्रचलित संकेतही वायूला बाहेर पडण्यास अवधी देण्यासाठीच आहेत.

कोझुमेल : बंदरातील एक दिवस

युकातान द्वीपकल्पाच्या पूर्वेस असलेल्या या बेटाच्या प्रवाळभित्तींना १९९६ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पालँकार ही त्यांतील प्रसिद्ध भित्ती. येथे पाणबुडे प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि होडी त्यांच्या मागोमाग येते. सकाळच्या फेरीत सहसा दोन बुड्या असतात. पहिली खोल, दुसरी उथळ. दोहोंमधील विश्रांती हा रिकामा वेळ नव्हे. त्या काळात साठलेला नायट्रोजन कमी होत असतो. जहाज उशिरा लागले की नेमका हाच वेळ कापण्याचा मोह होतो.

घड्याळाचाही घोळ संभवतो. किंताना रो राज्याने २०१५ साली कालविभाग बदलला आणि तेव्हापासून तेथील वेळ वर्षभर एकच असते. फ्लोरिडात मात्र उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे जातात. जहाजाने फ्लोरिडाची वेळ कायम ठेवल्यास बेटाच्या वेळेवर विसंबणारा प्रवासी धक्क्यावरच राहू शकतो.

याहून गंभीर बाब लक्षणांची आहे. ती बुडीनंतर काही तासांनीही उद्भवू शकतात. बेटावर अतिदाब उपचार कक्ष आहेत, परंतु तोवर जहाज खुल्या समुद्रात गेलेले असते. म्हणून खांदा दुखला तर ‘टाकी उचलल्यामुळे असेल’ असे न समजता जहाज सुटण्यापूर्वीच सांगणे इष्ट. त्याचप्रमाणे आरोग्यविषयक प्रश्नावलीत दमा, हृदयविकार आदींबाबत होकारार्थी उत्तर असल्यास डॉक्टरांची लेखी संमती लागते. ती ऐनवेळी बंदरात मिळणे कठीण असल्याने घरूनच आणावी.

अखेरचे बंदर आणि परतीचे विमान

प्रवासी विमानात हवेचा दाब सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवरील दाबाइतका असू शकतो. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास, तर अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळण्यास सांगते. बहामाज बेटांतील नसाऊ हे अखेरचे बंदर असेल, तर जहाज रात्रीत मायामीला पोहोचते. दुपारी तीनला दुसरी बुडी संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी आठचे विमान पकडल्यास अंतर १७ तासांचेच राहते. कोझुमेलनंतर एक दिवस समुद्रात जाणार असेल, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

उंचीचा हा नियम डोंगरालाही लागू आहे. हवाई बेटांत बुडी घेऊन त्याच दिवशी ४,२०५ मीटर उंचीच्या मौना केआवर जाणे धोक्याचे. आपल्याकडेही मालवणला खोल वा लागोपाठ बुड्या घेऊन लगेच सुमारे ७०० मीटर उंचीवरील आंबोलीचा घाट चढणाऱ्याने याचे भान ठेवावे.

निष्कर्ष

क्रूझवरील बुडीचा धोका केवळ खोलीत नाही; तो घाईतही आहे. जहाजाची वेळ कंपनी ठरवते, नायट्रोजनची वेळ शरीर ठरवते, आणि त्यात सवलत नसते. म्हणून सहलीचे नियोजन परतीच्या विमानापासून उलट दिशेने करावे. अवधी अपुरा पडत असेल, तर त्या बंदरातील बुडी सोडून देणे हाच शास्त्रसंमत निर्णय ठरतो.