घर, ओळख आणि क्रियापद

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत तनय आणि अनुजा ही भावंडे घरी भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करतात. पुढे तो निघून जातो. अनुजाचे दुःख घराला कळते. तनयला मात्र ते उघडपणे भोगताही येत नाही.

तनयचे निवेदन त्या तरुणास ‘तू’ म्हणून उद्देशून आहे. येथे व्याकरण लक्षात घ्या. ‘मी आलो’, ‘तू आलास’ या रूपांतून बोलणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचेही लिंग उघड होते. ‘तुम्ही आलात’ म्हटल्यास ऐकणाऱ्याचे लिंग झाकले जाते. पण त्याबरोबर जवळीकही जाते. म्हणजे जवळिकीने बोलावे तर ओळख उघडी पडते, ओळख झाकावी तर परकेपणा येतो. तनयच्या घरातील मौनाचे मूळ या पेचात शोधता येते.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. तथापि घरातील संवाद निकालाने सुरू होत नाही. त्यासाठी ऐकणारे माणूस लागते.

स्वाध्याय : वर्धा परिसरातील आपल्या बोलीत लिंग प्रकट करणारी व झाकणारी प्रत्येकी पाच क्रियारूपे नोंदवा.