विमानतळावरील वाय-फाय : आधी ओटीपी, मग इंटरनेट

पाटोदा : विमानप्रवासासाठी पुणे वा मुंबई गाठणाऱ्या तालुक्यातील प्रवाशांनी तेथील मोफत वाय-फायची पद्धत आधीच समजून घ्यावी. फलकावरील अधिकृत नावाचे वाय-फाय निवडून मोबाईल क्रमांक भरावा लागतो. त्यावर आलेला ओटीपी दिल्यावरच इंटरनेट सुरू होते.

या नोंदणीमागे कारण आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांपूर्वीचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील असुरक्षित वाय-फायवरून गेला होता. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वापरकर्त्याची ओळख नोंदविण्याचे निर्देश दिले.

परदेशातून परतणाऱ्याचे भारतीय सिम बंद असल्यास ओटीपी येत नाही. अशा वेळी काही मोठ्या विमानतळांवर पासपोर्ट दाखवून कूपन मिळते. तरीही, उतरताच घरी निरोप द्यायचा तर सिम चालू ठेवलेले बरे. बँकेचे व्यवहार मात्र सार्वजनिक वाय-फायवर टाळावेत.