नवा डेटाबेस सर्व्हर आणि उघडी दारं



शाळेत निकालाचं किंवा फीचं सॉफ्टवेअर बसवलं, की त्याच्यासोबत बऱ्याचदा एक डेटाबेस सर्व्हरही बसतो. मुलांच्या जन्मतारखा, जात, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल, सगळं त्यातच साठतं. पण बसवल्या दिवशी त्याची किल्ली कोणाकडे असते?

आपल्या कार्ल्याचंच उदाहरण घ्या. तिथल्या चैत्यगृहातल्या एका सातवाहनकालीन शिलालेखात मामाल आहारातलं, म्हणजे मावळातलं, करजक गाव लेण्यातल्या भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. नुसतं दान लिहून ते थांबले नाहीत. राजाच्या अधिकाऱ्यांनी त्या गावात शिरू नये, हेही कोरून ठेवलं. कोणाला प्रवेश नाही, हे स्पष्ट लिहावं लागतं. सर्व्हरमध्ये हेच काम परवानग्या करतात.

गंमत अशी, की सर्व्हर बनवणारे सुरुवातीला सोयीकडे बघतात. पूर्वी मायएसक्यूएल बसवलं, की बिनपासवर्डचा रूट, निनावी युजर आणि सर्वांना खुला ‘टेस्ट’ डेटाबेस आपोआप मिळायचे. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून हे बदललं. पण शाळांमध्ये सर्रास दिसणाऱ्या झॅम्पमध्ये रूटचा पासवर्ड आजही रिकामाच येतो! रूट म्हणजे सर्वाधिकारी. त्या संगणकावर बसणारा कुणीही अख्खा डेटाबेस पुसू शकतो.

जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबीचे हजारो सर्व्हर इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडे सापडले. चोरांनी माहिती पुसली आणि खंडणीची चिठ्ठी ठेवली. कुलूप तोडावंच लागलं नाही.

म्हणून आधी रूटला पासवर्ड द्या. झॅम्पमध्ये एक अडचण येते बरं का: पासवर्ड बदलला की पीएचपीमायअ‍ॅडमिनचं पान उघडेनासं होतं, आणि लोक वैतागून तो पुन्हा रिकामा ठेवतात. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लॉगिनचा प्रकार ‘कॉन्फिग’ऐवजी ‘कुकी’ करा, मग ते दरवेळी पासवर्ड विचारेल. निनावी युजर आणि टेस्ट डेटाबेस दिसले तर काढून टाका. लिनक्सवर या सगळ्यासाठी ‘मायएसक्यूएल सिक्युअर इन्स्टॉलेशन’ ही तयार आज्ञा आहे. ती एकेक प्रश्न विचारत जाते.

यानंतरचं काम बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. सॉफ्टवेअरला रूटचं नाव देऊ नका, त्याच्यासाठी वेगळा युजर काढा. निकाल दाखवणाऱ्या पानाला फक्त वाचण्याची परवानगी पुरते. नोंदी भरणाऱ्या लिपिकाला वाचणं, भरणं आणि दुरुस्त करणं एवढं द्या. तक्ता उडवण्याचा अधिकार त्यांना कशाला हवा? पानात एखादी चूक राहिलीच, तरी घुसणाऱ्याच्या हाती तेवढंच लागेल, जेवढं त्या युजरला दिलंय.

पालकहो, पुढच्या पालकसभेत एवढंच विचारा: आमच्या मुलांची माहिती कोणत्या युजरने उघडते, आणि त्याचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे?