भरारी पथकाच्या हाती लागलेले शब्द

बोर्डाच्या परीक्षेतली चिठ्ठी आठवते? वहीच्या पानाची बोटभर रुंद पट्टी. तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरात ‘दुसऱ्या महायुद्धाची कारणे’. घडी अशी घातलेली, की उलगडली तर पंखा आणि मिटली तर कंपासपेटीतल्या खोडरबराखाली गडप. भरारी पथक आलं की ती आणखी कुठे जायची, हे ज्याचं त्याला ठाऊक!

इंग्रजी शब्दांचीही अशीच झडती घेता येते. परदेशी विद्यापीठात पाऊल ठेवलं की सुरुवातीलाच हातात नियमावली पडते आणि त्यात चीटिंग, प्लेजरिझम, कोल्यूजन, क्रिटिकल थिंकिंग, इंटिग्रिटी असे भारदस्त शब्द रांगेत उभे असतात. पाठ करायला बसलात तर जांभया येतील. खिसे तपासलेत तर प्रत्येकाकडे काही ना काही मुद्देमाल सापडतो. चला, घेऊ या झडती!

चीट : बेवारस जमिनीचा वारस

‘चीट’चा मूळ शब्द ‘एस्चीट’. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एखादा जमीनधारक वारस न ठेवता मेला, की त्याची जमीन वरच्या सरदाराकडे किंवा राजाकडे परत जायची. त्या प्रकाराला हे नाव. लॅटिन मुळाशी अर्थ आहे ‘पडणं’, म्हणजे आयती पदरात पडलेली मालमत्ता. हे बघायला ‘एस्चीटर’ नावाचे सरकारी अधिकारी असत. त्यांच्या कारभाराची ख्याती अशी, की शब्दाचं पुढचं टोक गळलं आणि उरलेल्या ‘चीट’चा अर्थ ‘फसवून लुबाडणं’ असा पक्का झाला!

आपल्याला हे नवीन नाही. १८४८ साली साताऱ्याच्या महाराजांचं दत्तकविधान नामंजूर करून डलहौसीनं संस्थान खालसा केलं, १८५४ मध्ये नागपूरही घेतलं. औरस वारस नाही, सबब मुलूख आमचा. हा युक्तिवाद ‘एस्चीट’च्याच जातकुळीतला. गंमत म्हणजे ‘एस्चीट’ अजून नोकरीत आहे. भारतीय राज्यघटनेच्या इंग्रजी पाठात, अनुच्छेद २९६ मध्ये, तो बेवारस मालमत्तेसाठी मानानं बसलेला दिसेल.

प्लेजरिझम : कविता पळवली, गुन्हा अपहरणाचा

मराठीत आपण ‘वाङ्मयचौर्य’ म्हणतो, म्हणजे कलम चोरीचं. लॅटिनमध्ये कलम जास्त कडक होतं. ‘प्लेजिअरिअस’ म्हणजे माणसं पळवणारा, दुसऱ्याचा गुलाम लांबवणारा. पहिल्या शतकात रोममध्ये मार्शल नावाचा कवी होता. त्याच्या कविता फिडेंटिनस नावाचा कुणी आपल्या म्हणून वाचायचा. मार्शलनं आपल्या कवितांना मोकळ्या केलेल्या गुलामांची उपमा दिली आणि त्या पळवणाऱ्याला हाच शब्द चिकटवला. आज फिडेंटिनसची एकही ओळ कुणाला माहीत नाही. नाव मात्र दोन हजार वर्षं टिकलं, तेही मार्शलच्याच कवितेत!

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ च्या नियमांत या चोरीची चक्क मोजपट्टी केली. प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द.

कॉपी : मुळात सुबत्ता

‘कोपिआ’ म्हणजे लॅटिनमध्ये रेलचेल, मुबलकता. एकाच्या अनेक प्रती झाल्या की मुबलकता आलीच, म्हणून ‘कॉपी’. मराठीनं या शब्दाला परीक्षेच्या हॉलमध्ये नेऊन बसवलं. ‘कॉपी करताना पकडला’ म्हटलं की आपल्याला पुढचं सांगावं लागत नाही. इंग्लंड-अमेरिकेत मात्र गुन्ह्याला ‘चीटिंग’ म्हणावं लागतं, कारण तिथे ‘कॉपी’ हा झेरॉक्सवाल्याकडचाही साधा शब्द आहे. आपली ‘नक्कल’ तर आणखी वस्ताद. नाटकात केली तर टाळ्या, परीक्षेत केली तर शिक्षा आणि तहसील कचेरीत मागितली तर शिक्का मारून ‘खरी नक्कल’!

चिठ्ठीचा विश्वसंचार

आपल्या पंख्यासारख्या चिठ्ठीला मेक्सिकोत म्हणतात ‘आकोर्देओन’, म्हणजे ॲकॉर्डियन. घडी तीच, वाद्य वेगळं. स्पेनमध्ये ती ‘चुलेता’, म्हणजे मटणाची चाप. हंगेरीत ‘पुश्का’, म्हणजे बंदूक. ब्रिटनमध्ये ‘क्रिब’. या क्रिबचा प्रवास ऐका : आधी गुरांची गव्हाण, मग बाळाचा पाळणा, मग चोरांच्या बोलीत ‘लांबवणं’ आणि शेवटी लॅटिनचा गृहपाठ उरकायला वापरलेलं चोरटं भाषांतर.

सगळ्यांवर कडी केली जपाननं. तिथे परीक्षेतल्या कॉपीला म्हणतात ‘कान्निंगु’. हा इंग्रजी ‘कनिंग’ आहे. आणि कनिंगचा इंग्रजीतला जुना अर्थ धूर्तपणा नव्हता. तो होता ज्ञान, जाणतेपण. म्हणजे ज्ञान नाही म्हणून करायच्या उद्योगाला नाव मिळालं ज्ञानाचं.

कोल्यूजन : मिळून खेळलेला डाव

मराठी मुलं परदेशात हमखास अडखळतात ती इथे. ‘को’ म्हणजे एकत्र, ‘लुदेरे’ म्हणजे खेळणं. कोल्यूजन म्हणजे संगनमत. आता आपलं इंजिनिअरिंग कॉलेज आठवा. सबमिशनची आदली रात्र. दोन खुर्च्यांवर आडवी ठेवलेली काच, काचेखाली पेटलेला दिवा, वर मित्राची ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपली कोरी. दिव्यानं काच तापलेली, पेन्सिल घामट, आणि चौघं रांगेत आपापली पाळी येण्याची वाट बघतायत. याला ‘जीटी मारणं’ म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, आणि ज्यानं मारली नाही त्याला वर्गात अजून शोधतायत. आपल्या हिशेबी ही मैत्री. तिकडच्या नियमावलीत हाच कोल्यूजन, आणि शिक्षा शीट देणाऱ्यालाही होऊ शकते. चर्चा मिळून करा, उत्तर आपापलं लिहा, एवढा साधा भेद या शब्दात आहे.

पैसे मोजून दुसऱ्याकडून निबंध लिहून घेणं हा आणखी पुढचा प्रकार. त्याला ‘कॉन्ट्रॅक्ट चीटिंग’ हे नाव २००६ मध्ये रॉबर्ट क्लार्क आणि थॉमस लँकेस्टर या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी दिलं. २०२२ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये असा धंदा करणं गुन्हा ठरलं.

मधली सुट्टी : सोनाराच्या दुकानात

‘टेस्ट’ म्हणजे मुळात मातीचं भांडं. सोन्याचांदीचा कस पाहायला धातू ज्यात तापवत, ते. आणि आपली ‘कसोटी’? सोनं घासून पाहायचा काळा दगड. दोन भाषा परीक्षेसाठी शब्द शोधायला निघाल्या आणि दोघींची गाठ पडली सोनाराकडे! ‘एक्झाम’ही लांब नाही; लॅटिन ‘एक्झामेन’ म्हणजे तराजूचा काटा. आणि वर्गावर लक्ष ठेवणाऱ्या ‘इन्व्हिजिलेटर’चा धातू सांगतो ‘जागं राहणं’. दुपारच्या पेपरला खुर्चीत डुलक्या घेणाऱ्या सरांना हे कुणीतरी हळूच सांगायला हवं.

क्रिटिकल : हातात चाळणी

‘पेशंट क्रिटिकल आहे’ हे वाक्य मराठी घरात इतक्यांदा कानावर पडतं, की क्रिटिकल थिंकिंग म्हटल्यावरही काही गंभीर झालंय असं वाटतं. दोन्ही अर्थ एकाच ग्रीक धातूचे : ‘क्रिनेइन’, म्हणजे वेगळं करणं, निवाडा करणं. ग्रीक वैद्यांच्या भाषेत ‘क्रायसिस’ म्हणजे आजाराचा निकाल लावणारा क्षण. रोगी इकडे तरी किंवा तिकडे तरी. याच कुळातला लॅटिन ‘क्रिब्रुम’ म्हणजे चक्क चाळणी!

आता आपला ‘विवेक’ घ्या. संस्कृत ‘विच्’, म्हणजे वेगळं करणं. इकडे नीर आणि क्षीर, तिकडे दाणा आणि कोंडा. आजी ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडायची. खडा कुठे आणि कणी कुठे हे तिची बोटं डोळ्यांआधी ओळखायची. क्रिटिकल थिंकिंग ते हेच. तांदळाला नावं ठेवणं म्हणजे पाखडणं नव्हे, आणि पसाच्या पसा फेकून देणं म्हणजे तर नव्हेच.

आपल्या ‘टीके’चंही असंच झालं. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, शके १२१२ ची. म्हणजे तेव्हा टीका करणं हे उलगडून सांगणं होतं. आज कुणावर टीका केली की तो पत्रकार परिषद घेतो.

ॲनालिसिस : रात्रीचं उसवणं

ग्रीक ‘आनालुएइन’ म्हणजे सोडवणं, उसवणं. होमरच्या महाकाव्यात पेनेलोपी दिवसभर वस्त्र विणते आणि रात्री दिव्याच्या उजेडात उसवते. वस्त्र पुरं झालं की लग्नाला उभं राहावं लागेल, आणि नवऱ्याची वाट बघणं तर तिला सोडायचं नाही. तिच्या उसवण्यासाठी होमर हेच क्रियापद वापरतो. तेव्हा निबंधात ‘ॲनालाइझ’ असं आलं की लेखकाचं वस्त्र उसवून धागे दाखवा. वस्त्र किती सुरेख आहे यावर पानभर लिहिलंत, तर गुण मिळणार नाहीत.

फेल, फॉल्स, फॅलसी : तीन सख्खी भावंडं

लॅटिन ‘फालेरे’ म्हणजे फसवणं. त्याच्यापासून ‘फॉल्स’ म्हणजे खोटं, ‘फॅलसी’ म्हणजे युक्तिवादातली खोट, आणि त्याच घरातला ‘फेल’ म्हणजे नापास! निकालाच्या दिवशी वडिलांना ही वंशावळ सांगायला हरकत नाही, उपयोग होईलच असं नाही.

डाउट : न बोलणारा ‘बी’

‘डाउट’च्या मुळाशी आहे ‘दुओ’, म्हणजे दोन. मन दोन ठिकाणी; आपली ‘द्विधा’ अगदी हीच. स्पेलिंगमधला ‘बी’ कुणीच उच्चारत नाही, कारण तो आधी नव्हताच. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा बिनबोभाट ‘बी’शिवाय आला. पुढे विद्वानांना लॅटिन ‘दुबितारे’ची आठवण झाली आणि त्यांनी तो कागदावर बसवला. तेव्हापासून शाळकरी मुलं शुद्धलेखनात गुण घालवतायत.

सिन्सिअर : आता तुमचा पेपर

रोममधले शिल्पकार मूर्तीतल्या चिरा मेणानं बुजवायचे. ज्या मूर्तीत मेण नाही ती ‘सिने केरा’, बिनमेणाची. त्यावरून ‘सिन्सिअर’, म्हणजे प्रामाणिक. कशी वाटली गोष्ट? तुम्ही मान डोलावली असेल, तर भरारी पथक तुमच्याच बाकाशी उभं आहे. गोष्ट बनावट आहे. लॅटिन ‘सिन्केरुस’चा अर्थ स्वच्छ, निर्भेळ, मेणाशी त्याचं नातं जोडलंय ते लोकांनी मागाहून. शब्दांच्या फार गोंडस कहाण्या कानावर आल्या की सूप हातात घ्यायचं.

इंटिग्रिटी : गणिताच्या वहीतून

शाळेत आपण ‘पूर्णांक’ शिकतो, इंग्रजीत ‘इंटिजर’. इंटिग्रिटी त्याचीच बहीण. मूळ अर्थ : हात न लागलेलं, म्हणून अखंड. ‘अकॅडमिक इंटिग्रिटी’चं भाषांतर ‘शैक्षणिक सचोटी’ असं करतात, ते ठीकच आहे. पण गणिताच्या भाषेत जास्त पटतं : स्वतःच्या उत्तराला अपूर्णांक होऊ देऊ नका.

आणि शेवटी ५७० शब्दकुळं

न्यूझीलंडमधल्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनमध्ये एव्हरिल कॉक्सहेड यांनी ३५ लाख शब्दांचा अभ्यासविषयक मजकूर चाळून २००० साली ‘अकॅडमिक वर्ड लिस्ट’ तयार केली. त्यात ५७० शब्दकुळं आहेत. अगदी रोजचे दोन हजार शब्द वगळले, तर अभ्यासाच्या पुस्तकांतला साधारण दहावा हिस्सा एवढ्या कुळांतच उरकतो. जास्त वापरातले शब्द आधी, कमी वापरातले नंतर, अशा तिच्या दहा उपयाद्या आहेत. ‘ॲनालाइझ’, ‘असेस’, ‘ॲझ्यूम’ पहिल्याच उपयादीत भेटतात. ‘इंटिग्रिटी’ मात्र थेट दहाव्या, शेवटच्या.

घोकायला बसू नका. आज या यादीतलं एक कूळ घ्या, त्याची भावंडं शोधा, प्रत्येकाचं एक वाक्य लिहा. वाक्य स्वतःचं लिहा. शेजारच्या वहीत डोकावू नका.