विश्लेषण : लढला पायदळात, कागदावर ट्रकचालक! अमेरिकी माजी सैनिकांना दाखल्यावरचे ‘काम’ दुरुस्त करून घेणे अवघड का जाते?

समजा, १९६८ साली विशीतला एक तरुण अमेरिकी लष्करात दाखल झाला. लष्कराने त्याला ट्रक चालवायला शिकवले आणि व्हिएतनामला पाठवले. तिथे पायदळाच्या तुकडीत माणसे कमी पडत होती. त्यामुळे हातात स्टिअरिंगऐवजी रायफल आली आणि पुढचे काही महिने तो जंगलात गस्त घालत राहिला. सेवामुक्त होताना मिळालेल्या कागदावर मात्र त्याचे काम लिहिले होते, वाहनचालक. घरी जायच्या घाईत त्याने तो कागद नीट वाचलाही नाही. आता पंचाहत्तरी उलटली, दोन्ही कानांनी ऐकू येईनासे झाले आणि भरपाईचा अर्ज करायची वेळ आली, तेव्हा त्या एका शब्दाकडे लक्ष गेले.

हे उदाहरण कल्पित आहे, पण या धाटणीचे अर्ज अमेरिकेच्या लष्करी नोंद दुरुस्ती मंडळाकडे वर्षानुवर्षे येत आहेत. मंडळाचे निकाल नावे वगळून ऑनलाइन वाचायला मिळतात. त्यातले बरेच नकाराचे आहेत. असे का होते?

हा कागद नेमका कोणता?

त्याचे नाव डीडी-२१४. अमेरिकेच्या सैन्यदलांतून सक्रिय सेवा संपवून बाहेर पडणाऱ्याला तो मिळतो. १९५० पासून तो चालू आहे. घरासाठीचे सरकारी हमीचे कर्ज, शिक्षणाचे लाभ, नोकरीतले प्राधान्य, अगदी लष्करी सन्मानाने दफन, या सगळ्यासाठी हाच कागद पुढे करावा लागतो.

आजच्या नमुन्यात अकरावा रकाना ‘मुख्य कौशल्या’चा आहे. त्यात कामाचा संकेतांक, नाव आणि ते काम किती वर्षे-महिने केले हे लिहितात. लष्करात या संकेतांकाला एमओएस म्हणतात. ११बी म्हणजे पायदळ सैनिक, ८८एम म्हणजे वाहनचालक, ६८डब्ल्यू म्हणजे रणांगणावरचा वैद्यकीय सहायक. हवाई दल आणि नौदलाच्या पद्धती वेगळ्या आहेत, पण कल्पना तीच.

आपल्याकडे अपशिंगेसारख्या गावात घरोघरी लोखंडी ट्रंकेत जपलेले डिस्चार्ज बुक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. त्यातही ‘ट्रेड’ लिहिलेला असतो. भारतीय सैन्यात जवानाचे निवृत्तिवेतन हुद्दा आणि सेवेच्या वर्षांबरोबर ट्रेडच्या ग्रुपवरही ठरते. म्हणजे एका शब्दाची किंमत तिथेही आहे, इथेही.

एका शब्दाने काय बिघडते?

सर्वात मोठा प्रश्न कानांचा. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाकडे सेवेमुळे जडलेल्या ज्या व्याधींची भरपाई दिली जाते, त्यात कानात सतत आवाज येणे आणि बहिरेपण वरच्या क्रमांकावर आहेत. दावा तपासताना विभाग एक यादी वापरतो. कोणत्या कामात मोठ्या आवाजाचा मारा होण्याची शक्यता किती, हे तिच्यात संकेतांकानुसार दिलेले आहे. पायदळ, तोफखाना यांची शक्यता जास्त, कार्यालयीन कामांची कमी. कागदावर ‘कारकून’ असेल, तर तुमच्या शेजारी तोफ धडाडत होती हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते.

दुसरा प्रश्न मानाचा. १९४३ पासून दिला जाणारा ‘कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज’ ढोबळमानाने त्यालाच मिळतो, ज्याचे कौशल्य पायदळाचे आहे, जो पायदळाच्या तुकडीत होता आणि जो प्रत्यक्ष लढाईत होता. तुकडी होती, लढाईही होती, पण संकेतांक चालकाचा असेल तर बॅज नाही. इतर शाखांतल्या सैनिकांसाठी २००५ मध्ये ‘कॉम्बॅट अॅक्शन बॅज’ आला, पण तो १८ सप्टेंबर २००१ पासूनच्या सेवेलाच लागू आहे. व्हिएतनामवाल्यांना त्याचा उपयोग नाही. छातीवर लावायच्या एका चिन्हासाठी म्हातारपणी इतकी खटपट कशाला, असे आपल्याला वाटू शकते. पण निकाल वाचताना जाणवते, की अनेकांना पैशांपेक्षा हेच जास्त लागलेले असते.

मग नकार का मिळतो?

खरी मेख इथे आहे. मंडळ ‘तुम्ही कोणते काम केलेत’ एवढेच पाहत नाही. ‘ते कौशल्य तुम्हाला कोणत्या आदेशाने बहाल झाले’ हे पाहते. लष्कराच्या भाषेत मुख्य कौशल्य वेगळे आणि नेमणुकीवरचे काम वेगळे. माझेच सांगतो. पदवीवर लिहिले आहे इंजिनीअर, काम मात्र बातम्या लिहिण्याचे. उद्या मी विद्यापीठाकडे जाऊन ‘पाच वर्षे पत्रकारिता केली, आता पदवीवरचा विषय बदला’ म्हणालो, तर काय उत्तर मिळेल?

फरक एवढाच, की मी स्वतःहून इकडे आलो. त्या पोराला पाठवले होते. आदेश काढायची जबाबदारी त्याच्या वरिष्ठांची आणि तुकडीच्या कारकुनाची होती, आणि लढाईच्या धामधुमीत तो निघालाच नाही. तरीही पुरावा त्यानेच द्यायचा. कारण मंडळ आधी असे गृहीत धरते, की सरकारी नोंदी योग्य रीतीनेच केल्या गेल्या. मला हे अन्यायाचे वाटते. पण पन्नास वर्षांनंतर केवळ आठवणीवर नोंदी बदलायला लागलो, तर कोणत्याच नोंदीला अर्थ उरणार नाही, हा मंडळाचा युक्तिवादही खोडून काढणे सोपे नाही.

अर्ज कसा करतात?

आधी थेट लष्कराच्या मनुष्यबळ विभागाकडे. टंकनाची चूक असेल, फाइलमध्ये आदेश असूनही दाखल्यावर तो उतरला नसेल, तर काम तिथेच होते. तिथे नकार मिळाल्यावर डीडी-१४९ हा अर्ज भरून मंडळाकडे जायचे. शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. सैनिक हयात नसेल तर पत्नी किंवा वारस अर्ज करू शकतात. नौदल व मरीन यांचे मंडळ एक, हवाई दलाचे वेगळे. निर्णय घेणारे सदस्य गणवेशातले नसतात, नागरी कर्मचारी असतात. १९४६ च्या कायद्याने ही सोय झाली. त्याआधी अशा दुरुस्तीसाठी संसदेत एकेका माणसाच्या नावाने विधेयक आणावे लागे.

चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा, असे कायदा सांगतो. न्यायाच्या हितासाठी मंडळ उशीर माफ करू शकते. निकालासाठी धीर हवा : ९० टक्के अर्ज दहा महिन्यांत आणि कोणताही अर्ज अठरा महिन्यांच्या आत निकाली काढावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

पुरावा कुठे सापडतो?

सेंट लुईसच्या राष्ट्रीय कर्मचारी नोंद केंद्रात. तिथून स्वतःची पूर्ण फाइल मागवता येते. व्हिएतनामच्या काळातल्या सैनिकासाठी त्यातला सर्वात मोलाचा कागद म्हणजे डीए-२०. त्यावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तुकडीत, कोणत्या कामावर होतो याची ओळीने नोंद असते. तिथे पायदळाचा संकेतांक दिसला, तर अर्जात जीव येतो. सोबत्यांची शपथपत्रे उपयोगी पडतात, पण एकट्याने ती फार वजन उचलत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धातल्या आणि कोरियातल्या सैनिकांचे दुर्दैव वेगळे. १२ जुलै १९७३ रोजी या केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या लष्करी सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. सूक्ष्मपटावर प्रती काढलेल्या नव्हत्या. ज्याची फाइलच राख झाली, त्याने आदेश कुठून आणायचा?

दाखला न बदलता भरपाई मिळते का?

मिळू शकते, आणि ही बाब अनेकांना उशिरा कळते. माजी सैनिक विभाग आणि दुरुस्ती मंडळ या वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. सेवेचे ठिकाण, परिस्थिती, तुकडीचा अधिकृत इतिहास हे सगळे विचारात घेणे विभागाला कायद्याने बंधनकारक आहे. लढाईत असल्याचे सिद्ध झाले, तर त्या परिस्थितीशी जुळणारे सैनिकाचे स्वतःचे म्हणणेही पुरावा म्हणून धरले जाते. त्यामुळे प्रश्न फक्त कानांचा असेल, तर दुरुस्तीची वाट पाहत दावा थांबवून ठेवण्यात शहाणपण नाही. बॅज हवा असेल, तर मात्र दाखला दुरुस्त करून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि दुरुस्ती मंजूर झाली तरी मूळ दाखला सहसा नव्याने लिहिला जात नाही. डीडी-२१५ नावाचे वेगळे पान येते, त्यावर ‘अमुक रकान्यात अमुक वाचावे’ असे छापलेले असते. जुन्या कागदावर ‘वाहनचालक’ तसेच राहते. पुढे जिथे जिथे दाखला लागेल, तिथे ही दोन्ही पाने एकत्र जोडून द्यायची.