घरच्यांची जीभ वापरा, मत नको! क्राफ्ट बिअरच्या टेस्टिंगमधून लघुउद्योजकाने काय शिकावं?



खाण्यापिण्याचा व्यवसाय सुरू करणाऱ्या बहुतेकांचं पहिलं मार्केट सर्वेक्षण घरातच होतं. रविवारी आपल्या नव्या मसाल्याची भाजी करायची, सगळ्यांना वाढायची आणि विचारायचं, "कसं झालंय?" उत्तर ठरलेलं असतं, "छान झालंय!" मग या 'छान'च्या भरवशावर पन्नास किलो मसाला कांडून घेतला जातो, पाकिटं छापली जातात, बचतीतले पैसे अडकतात. त्या 'छान'मध्ये चव किती होती आणि माया किती होती, हे मात्र कुणीच मोजलेलं नसतं.

आजचा विषय ऐकून काही जण दचकतील. आपण बोलणार आहोत क्राफ्ट बिअर चाखण्याबद्दल. कारण सरळ आहे. चव शब्दांत आणि आकड्यांत कशी पकडायची, यावर बिअर बनवणाऱ्यांनी खूप काम करून ठेवलंय. तुम्ही बिअर पीत नसाल, तरी ही पद्धत तुमच्या चिवड्याला, लोणच्याला, कोकम सरबताला जशीच्या तशी लागू पडते.

घरच्या स्वयंपाकघरातून उभा राहिलेला धंदा

क्राफ्ट बिअर म्हणजे छोट्या प्रमाणावर, चवीकडे लक्ष देऊन बनवलेली बिअर. मूळ घटक चारच: बार्लीचा माल्ट, हॉप्स नावाची कडवट फुलं, यीस्ट आणि पाणी. पण माल्ट किती भाजला, यीस्ट कोणतं घेतलं, हॉप्स कधी टाकले, यावर चव पूर्ण बदलते.

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या शेवटी शंभराहूनही कमी ब्रुअरी उरल्या होत्या. १९७८ मध्ये तिथे घरी स्वतःपुरती बिअर बनवण्याला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली. घरी प्रयोग करणाऱ्यांपैकीच काही जण पुढे उद्योजक झाले. केन ग्रॉसमन यांचंच बघा. आधी घरगुती बिअरचं सामान विकणारं दुकान, आणि १९८० मध्ये स्वतःची सिएरा नेव्हाडा ब्रुअरी! आज त्या देशात नऊ हजारांहून जास्त ब्रुअरी आहेत.

आपल्याकडे पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डुलाली ही देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. नंतर इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी, ग्रेट स्टेट एल वर्क्स अशी नावं पुण्यातूनच पुढे आली. एक गोष्ट लक्षात ठेवा, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे यूट्यूब बघून डबा भरून ठेवू नका. चाखून शिकायचं असेल तर परवाना असलेल्या ठिकाणी जा. तिथेही बिअरसाठी किमान वय २१ वर्षं आहे, आणि चाखल्यावर गाडी चालवायची नाही म्हणजे नाही.

शनिवारची दुपार आणि चार छोटे ग्लास

मायक्रोब्रुअरीत अनेक ठिकाणी 'फ्लाइट' किंवा 'सॅम्पलर' मिळतो. लाकडी फळीवर चार-सहा छोटे ग्लास, प्रत्येकात वेगळी बिअर. सुट्टीच्या दुपारी तिथे कुटुंबंही दिसतात. मुलं लिंबू सरबत आणि फ्रेंच फ्राइजवर खूश, मोठे गप्पा मारतायत. याच गप्पांमध्ये शिकता येतं, फक्त क्रम पाळायचा:

१. आधी हलकी बिअर, मग गडद आणि कडवट. उलट केलंत तर हलकीची चव कळणारच नाही.

२. आधी बघा, मग वास घ्या, मग घोट. आपण ज्याला 'चव' म्हणतो, त्यातला मोठा भाग खरं तर वासाचा असतो. सर्दी झाल्यावर जेवण बेचव का लागतं, ते आठवा.

३. बिअर बर्फासारखी थंड असेल तर थोडं थांबा. फार गारव्यात वास दबतो.

४. मसाला शेंगदाणे बाजूला ठेवा. दोन ग्लासांच्या मध्ये पाणी आणि साधा पाव. तिखटाने जीभ बधिर झाली की परीक्षा संपली.

५. आधी लिहा, मग बोला. टेबलावरच्या एकाने "मस्त आहे!" म्हटलं की बाकीच्यांच्या जिभाही तेच बोलायला लागतात.

आणि लिहायचं काय? 'छान', 'मस्त', 'भारी' या तीन शब्दांवर बंदी! त्याऐवजी ओळखीच्या गोष्टींची नावं घ्या. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात ना केळं असतं ना लवंग, तो वास यीस्ट तयार करतं. बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल टाकतात. स्टाउटमध्ये भाजलेल्या बार्लीमुळे कॉफीची आठवण होते. ज्या नाकाने आयुष्यभर फोडणीचा वास ओळखलाय, त्याला हे जड नाही.

पन्नास मार्कांचा पेपर

बिअर स्पर्धांचे परीक्षक तयार करणारी बीजेसीपी नावाची संस्था अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झाली. तिचं गुणपत्रक ५० मार्कांचं असतं: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५ आणि एकूण परिणाम १०. नुसते मार्क देऊन भागत नाही, प्रत्येक भागापुढे कारणही लिहावं लागतं.

इथे खरी गंमत आहे. "मला आवडली नाही" हे ऐकून बनवणारा काहीच करू शकत नाही. पण "वासाला १२ पैकी ५, उकडलेल्या कणसासारखा वास येतोय" असं लिहिलं की त्याला कळतं कुठे बघायचं. बिअरमधले दोष ओळखीच्या वासांनीच ओळखले जातात:

- लोण्यासारखा वास: यीस्टला काम पूर्ण करायला वेळ मिळाला नाही, किंवा नळ्या अस्वच्छ.
- हिरव्या सफरचंदासारखा: बिअर अजून कच्ची आहे.
- उकडलेल्या कणसासारखा: उकळण्याची पायरी नीट झाली नाही, किंवा नंतर ती गार करायला उशीर झाला.
- ओल्या पुठ्ठ्यासारखा: हवा लागली, माल जुना झाला.
- उग्र, कुबट वास: उजेड लागला. बिअरची बाटली तपकिरी असते ती याचसाठी.

आता हीच यादी चिवड्यासाठी बनवा. खवट वास म्हणजे तेल किंवा शेंगदाणे जुने. पोहे सादळलेले म्हणजे पाकिटाचं सील कच्चं, किंवा गरम असतानाच भरले. कडवट चव म्हणजे लसूण करपला. मार्कही स्वतः ठरवा: वास १०, रंगरूप ५, चव २०, कुरकुरीतपणा १०, एकूण ५. झाला पन्नास मार्कांचा पेपर! 'छान'मधून काहीच दुरुस्त होत नाही, 'सादळलाय'मधून सीलिंग मशीन दुरुस्त होतं.

तीन वाट्यांची परीक्षा

समजा मिरचीचा भाव वाढला आणि तुम्हाला थोडी स्वस्त मिरची वापरून बघायची आहे. गिऱ्हाइकाला फरक कळेल का? घरी विचारलं तर तुमच्या चेहऱ्याकडे बघूनच उत्तर मिळेल.

यावरचा उपाय 'ट्रँगल टेस्ट' म्हणून ओळखला जातो. १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत ही पद्धत विकसित झाली. प्रत्येकासमोर तीन ग्लास ठेवायचे. दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. प्रश्न एकच: वेगळा ग्लास कोणता? कोणती चांगली, हे विचारायचंच नाही.

घरी करायला ही परीक्षा अगदी सोपी आहे. जुनी कृती 'अ', नवी 'ब'. तीन वाट्या मांडण्याचे सहा क्रम होतात: अअब, अबअ, बअअ, बबअ, बअब, अबब. म्हणजे सहा माणसं असतील तर प्रत्येकाला वेगळा क्रम. वाट्यांवर १, २, ३ लिहू नका, कारण एक नंबर म्हणजे चांगला असं डोक्यात बसलेलं असतं. त्याऐवजी ४७२, ९१६ असे कुठलेही तीन आकडे टाका. आणि वाट्या भरणारा माणूस चाखणाऱ्यांत नको, वाढायला पण तो नको. बिअरची परीक्षा असेल तर न पिणारी आत्या किंवा वहिनी या कामाला उत्तम. चिवड्याची असेल तर दहावीतल्या पोराला द्या, त्याला गुपित ठेवायला आवडतं.

आता निकाल. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर सांगेल, म्हणजे सहांत सरासरी दोन. सहापैकी चार बरोबर आले तरी तो नशिबाचा भाग असू शकतो, कारण असं निव्वळ अंदाजाने घडण्याची शक्यता सुमारे १० टक्के आहे. पाच किंवा सहा बरोबर आले तर ती शक्यता २ टक्क्यांच्याही खाली जाते. मग समजा, फरक कळतोय. उलट दोघांनाच कळलं, तर 'फरक नाहीच' असं मात्र सिद्ध होत नाही. सहा माणसं थोडी आहेत. पुढच्या रविवारी दुसऱ्या सहा जणांवर करून बघा.

थोड्या नमुन्यांवरून विश्वासाने बोलायचं कसं, हा प्रश्नही मुळात बिअरवाल्यांना पडला होता. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने लहान नमुन्यांचं गणित मांडलं. कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेल्यांनी 'टी-टेस्ट' ऐकली असेल. ती हीच!

थोडं थोडं करत चव कशी जाते

श्लिट्झ ही अमेरिकेतली एकेकाळची बलाढ्य बिअर. १९७० च्या दशकात ती तिथली दुसऱ्या क्रमांकाची कंपनी होती. खर्च वाचवण्यासाठी कंपनीने घटक बदलले, आंबवण्याचा वेळ कमी केला. १९७६ मध्ये एका नव्या मिश्रणामुळे बिअरमध्ये पांढरट कण दिसायला लागले आणि लाखो बाटल्या-कॅन परत घ्यावे लागले. गिऱ्हाईक दुरावलं. १९८२ मध्ये कंपनी विकली गेली.

छोट्या धंद्यात हेच हळूहळू होतं. या महिन्यात तेल बदललं, फरक कळला नाही. पुढच्या महिन्यात खोबरं कमी केलं, फरक कळला नाही. प्रत्येक वेळी तुलना मागच्या घाण्याशी केली, मूळ कृतीशी कधीच नाही. पाच 'कळत नाही' एकत्र आले की गिऱ्हाइकाला मात्र बरोबर कळतं, आणि ते तक्रार करत नाही, सरळ दुसरं पाकीट उचलतं. म्हणून मूळ कृती वजनासकट लिहून ठेवा. दर काही महिन्यांनी त्या कृतीने ताजा छोटा घाणा काढा आणि आजचा माल त्याच्याशी तीन वाट्यांच्या परीक्षेत ताडून बघा.

मग घरच्यांचं काय करायचं?

घरच्यांना बाजूला काढू नका. त्यांची जीभ उत्तम आहे. फरक ओळखणं, दोषाला नाव देणं, या कामासाठी रविवारची पंगत म्हणजे फुकटात मिळालेली प्रयोगशाळा. पण 'हे बाजारात चालेल का?' हा निर्णय त्यांच्याकडून घेऊ नका. ते तुमचे हितचिंतक आहेत, गिऱ्हाईक नाहीत. तो निर्णय अनोळखी माणूस देतो, तोही खिशातून पैसे काढून आणि दुसऱ्यांदा परत येऊन.

बिअरवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. टीव्हीवर दारूची थेट जाहिरात करायला आपल्याकडे मनाई आहे. छोट्या ब्रुअरीच्या हातात मुख्यतः ग्लासातली चव आणि ती चाखलेल्याचं तोंड एवढंच उरतं. तुमच्याकडेही जाहिरातीचं बजेट नसणार. म्हणजे अडचण सारखीच, आणि उपायही सारखाच.

या रविवारचा गृहपाठ

१. तुमच्या पदार्थाचं ५० मार्कांचं गुणपत्रक एका पानावर तयार करा.

२. पाच संभाव्य दोष आणि त्यापुढे प्रत्येकाचं कारण लिहा.

३. सहा माणसं, अठरा वाट्या, तीन वाट्यांची परीक्षा. बोलण्याआधी लिहायचं.

४. त्यानंतर लहान पाकिटं करून वीस अनोळखी माणसांना विका. फुकट वाटू नका. किती जण परत मागतात, ते मोजा.

पन्नास किलोची ऑर्डर द्यायची ती या चौथ्या पायरीनंतर, त्याआधी नाही. एक रविवार आणि थोडा चिवडा खर्च होईल, पण बचत वाचेल.

तुमच्या सहापैकी किती जणांनी वेगळी वाटी ओळखली, ते आम्हाला नक्की कळवा. आणि कुणी 'छान' म्हणालं, तर हसून विचारा, "छान म्हणजे नक्की काय?"